थंडी सरताना कुंड्यांतली बाग: पाणी, छाटणी आणि सरकणारं ऊन

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात दक्षिणेकडची बाल्कनी आणि वर गच्ची, मिळून पन्नास-साठ कुंड्या. जानेवारी संपता संपता दुपारी पानं मलूल दिसायला लागली, म्हणून पाणी वाढवलं, तर खालची पानं पिवळी पडून गळू लागली. मोगरा आणि जास्वंद आत्ताच छाटायचे का? कोथिंबीर हाताएवढी व्हायच्या आत फुलावर का गेली? भेंडी-काकडी कधी पेरायची आणि हिरवी जाळी कधी बांधायची?

आधी मलूल पानांबद्दल, कारण फेब्रुवारीत जास्तीत जास्त झाडं इथेच जातात. या दिवसांत दिवस आणि रात्र एकाच ऋतूत नसतात. पुण्यात दुपारी ३१-३२ अंश आणि पहाटे ११-१२ अंश हा फरक फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सहज टिकतो. दुपारची हवा कोरडी होत जाते, त्यामुळे पानांतून पाणी भराभर उडतं. पण गच्चीच्या स्लॅबवर रात्रभर गारठलेल्या कुंडीतली माती दहा-अकरा वाजेपर्यंत थंडच असते आणि थंड मातीत मुळं पाणी हळू ओढतात. वर मागणी जास्त, खाली पुरवठा कमी, म्हणून ओल्या मातीतही पान मान टाकतं. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो, मातीतली हवा जाते, मुळं कुजतात आणि मग झाड खरोखरच तहानेनं वाळायला लागतं.

म्हणून दुपारी दोन वाजता झाडाकडे बघून पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर संध्याकाळी सहाची वाट बघा. ऊन उतरल्यावर पान आपोआप ताठ झालं, तर झाडाला पाणी नको होतं. सकाळी सातलाही पान लोंबलेलंच असेल, तर दोनच शक्यता राहतात: माती आतपर्यंत कोरडी आहे किंवा मुळं गेली आहेत. कुंडी उचलून बघा. हलकी लागली तर कोरडी. जड लागली आणि तळाच्या भोकाशी आंबूस, गटारासारखा वास आला, तर कुज. कुज असेल तर पाणी बंद करायचं, झाड उपटून काळी मऊ मुळं कापायची, फांद्याही तेवढ्याच कमी करायच्या, कोरड्या भुसभुशीत मातीत लावायचं आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवायचं. खत अजिबात घालायचं नाही.

पाण्याची वेळही बदलते. महाशिवरात्रीपर्यंत, म्हणजे थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाईपर्यंत, पाणी सकाळी आठ-नऊनंतर घालावं. पहाटे टाकीतलं पाणी गार असतं आणि संध्याकाळी घातलेलं पाणी मातीला रात्रभर आणखी थंड ठेवतं, शिवाय पानावर ओल राहून बुरशीला आमंत्रण मिळतं. मार्चच्या मध्यानंतर उलट करायचं: पहाटे किंवा सूर्य मावळताना. बारा इंची कुंडीला एका वेळी सव्वा ते दीड लिटर, तळातून थोडं पाणी बाहेर येईपर्यंत. रोज पेलाभर शिंपडणं ही सर्वांत वाईट सवय. वरची दोन इंच माती ओली राहते, मुळं वरच येऊन बसतात आणि एप्रिलमध्ये तीच पहिली भाजतात.

एक गोष्ट मात्र मुद्दाम तपासा. हिवाळ्यात कमी पाण्यामुळे माती आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून करंगळीभर फट पडते. कोकोपीट जास्त असलेल्या मिश्रणात हे हमखास होतं. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. तळातून धार येते म्हणून आपण समाधानी, आणि मधला गोळा खडखडीत कोरडा. अशी कुंडी बादलीत किंवा टबात अर्ध्या उंचीपर्यंत पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं बसवायची. वरची माती ओली दिसली की काढून निथळू द्यायची आणि फट नव्या मातीनं भरून बोटांनी दाबायची. हे एकदा केलं की पुढचे दोन महिने पाणी नीट मुरतं.

बोअरचं पाणी वापरत असाल, तर कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी खार दिसेल. थंडीत पाणी कमी घातल्यामुळे क्षार धुऊन जात नाहीत, साठत राहतात आणि उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी होतात. ते काढायची वेळ आत्ताच. वरचा अर्धा इंच थर खरवडून टाका आणि कुंडीत जेवढी माती तेवढ्या आकारमानाचं साधं पाणी तीन हप्त्यांत, अर्ध्या-अर्ध्या तासानं, सावकाश घाला. बारा इंची कुंडीसाठी दहा-बारा लिटर लागतं. तळाची ताटली काढून ठेवा, नाहीतर धुतलेला क्षार परत वर चढतो. यात खतही धुऊन जातं, म्हणून चार-पाच दिवसांनी खत द्यायचं, आधी नाही. जास्वंद, गुलाब, लिंबाची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसत असतील, तर ती लोहाची कमतरता आहे. अशा पाण्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा फवारा. गंजके खिळे पुरून काही होत नाही.

आता छाटणी. इथे तारखेपेक्षा रात्रीचं तापमान बघावं आणि प्रत्येक झाडाचा हिशेब वेगळा ठेवावा.

मोगरा सर्वांत आधी. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य ही त्याची वेळ. आठ-दहा दिवस पाणी जवळजवळ तोडायचं. पानं निस्तेज होऊन थोडी पिवळी पडली की झाड अर्ध्या उंचीपर्यंत छाटायचं. सुकलेल्या, आत घुसलेल्या, काडीपेक्षा बारीक फांद्या मुळाशी काढायच्या. उरलेली जुनी पानं हातानं ओरबाडून नाही, देठाशी धरून एकेक खुडायची, कारण नवा डोळा त्या देठाच्या बगलेतच असतो आणि ओढताना तोच निघून येतो. वरची दोन इंच माती काढून तिथे दोन-तीन मुठी जुनं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि एक चमचा हाडांचा चुरा मिसळून घालायचा आणि मग भरपूर पाणी. पंधरा-वीस दिवसांत फुटवे येतात, पाच-सहा आठवड्यांत पहिल्या कळ्या. दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन हवंच. पानं हिरवीगार, लांब वेलीसारखे फुटवे आणि फूल नाही, असं झालं तर दोष बहुधा दर आठवड्याला ओतलेल्या नत्राच्या पातळ खतांचा किंवा सावलीचा असतो. कळी जांभळट होऊन गळत असेल तर ती चिमटून उघडा, आत बारीक अळी दिसेल. अशा कळ्या झाडाखाली टाकू नका, पिशवीत बांधून फेका.

जास्वंदाला घाई करू नये. रात्रीचं किमान तापमान सलग आठवडाभर १५ अंशांच्या वर गेल्याशिवाय कात्री लावायची नाही. पुण्यात ही वेळ साधारण फेब्रुवारी अखेर किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात येते. आधी छाटलं तर नवा फुटवा बाहेर येतो आणि थंडीत अडकून पडतो, आणि त्या कोवळ्या टोकांवर मावा आणि पिठ्या ढेकूण पहिले येऊन बसतात. एक तृतीयांश उंची कमी करायची, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका काप. फूल नव्या फुटीवरच येतं, त्यामुळे महिना-दीड महिना फुलं मिळणार नाहीत हे गृहीत धरा. देवपूजेला रोज फूल लागत असेल तर अर्ध्या फांद्या आत्ता आणि अर्ध्या तीन आठवड्यांनी छाटा.

गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरची, ती फेब्रुवारीत पुन्हा करू नका. खोल छाटलं तर कोवळी फूट नेमकी मार्च-एप्रिलच्या उन्हात येते आणि फुलकिडे ती खरवडून, रस शोषून वाकडी करतात. फक्त सुकलेलं फूल, खाली पाच पानांचं पहिलं पान येईल तिथवर काढत जा. कढीपत्त्याचं थंडीत पिवळं पडून गळणं नैसर्गिक आहे, त्याला औषध नको. फेब्रुवारी अखेर शेंडे फूटभर छाटले की मार्चमध्ये भरगच्च फुटतो. ताक घातल्यानं पानं वाढतात हा समज जुना आहे. पातळ ताकानं अपाय होत नाही, पण शेणखताची जागा ते घेऊ शकत नाही आणि घट्ट ताक ओतलं तर मुंग्या आणि माश्या मात्र नक्की येतात. तुळशीच्या मंजिऱ्या काढा, काड्या झालेल्या फांद्या अर्ध्यावर आणा. अडेनियमला पानं नसतील तर पाणीही नको. टोकाला हिरवा ठिपका दिसला की थोडं थोडं सुरू करा, माती बदलायचीही तीच वेळ. शेवंतीची फुलं संपली की झाड चार-पाच इंचांवर कापून ठेवा. बुडाशी येणाऱ्या काश्या (मुळाशी फुटणारी नवी पिल्लं) उन्हाळाभर अर्धसावलीत जगवायच्या, पुढच्या हंगामाची रोपं त्यांतूनच होतात.

कागदी लिंबाला जानेवारी-फेब्रुवारीत येणारी फुलं म्हणजे आंबिया बहार. शेतात बहारासाठी झाडाला ताण देतात, तो प्रयोग कुंडीत करू नये. जमिनीतल्या झाडाला खोलवर ओल मिळते, कुंडीतल्याला मिळत नाही, आणि आठवड्याच्या ताणानं फांद्याच वाळतात. फुलं दिसल्यापासून फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत पाणी एकसारखं ठेवा. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब झालं की फळं झडतात. बहुतेक फुलं आणि बारीक फळं तशीही गळतातच, तेवढ्यासाठी टॉनिक फवारू नका. नव्या पालवीवर नागमोडी चांदीसारख्या रेघा दिसल्या तर ती पानं पोखरणारी अळी. दोन-चार पानं असतील तर खुडून टाका. कुंडीतल्या किंवा अंगणातल्या आंब्याला मोहर असेल, तर फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत पाणी बेताचंच ठेवा आणि मोहर उमललेला असताना त्यावर काहीही फवारू नका. परागीभवन करणाऱ्या माश्या त्याच वेळी तिथे असतात.

कोथिंबीर फुलावर जाते ती दिवस मोठा आणि गरम होऊ लागल्यामुळे, खत कमी पडल्यामुळे नाही. फुलाचा दांडा निघाल्यावर तो खुडून पानं परत येत नाहीत. दोन-तीन झाडं तशीच फुलू द्या. त्या बारीक पांढऱ्या फुलांवर ढालकिडे आणि फुलमाश्या येतात, त्यांच्या अळ्या शेजारच्या कुंडीतला मावा फस्त करतात आणि वर ओले धणे मिळतात. शेवटची पेरणी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, सकाळचं ऊन मिळणाऱ्या जागी, आणि ३०-३५ दिवसांत मुळासकट काढायच्या तयारीनं. मेथी-पालकाचंही असंच. टोमॅटो जगतो, पण दुपारी ३५ अंशांच्या पुढे परागकण निकामी होतात आणि फूल गळतं. जानेवारीत तयार केलेली रोपं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लावली तरच होळीनंतर फळ धरतं. फळाच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग पडत असेल तर कॅल्शियमची गोळी शोधण्याआधी पाण्याची अनियमितता बघा. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळात जातं.

पिशवीत हळद असेल तर पानं वाळून आडवी झाली का बघा. झाली असतील तर पंधरा दिवस पाणी बंद करून काढा. जेठे गड्डे (मधले मूळ जाड गड्डे) बेण्यासाठी वेगळे करून सावलीत कोरड्या वाळूत ठेवा.

उन्हाळी भाज्यांच्या बाबतीत घाई महागात पडते. रात्री १२ अंश असताना पेरलेली भेंडी बारा-पंधरा दिवस मातीत पडून राहते आणि निम्मं बी कुजतं. तेच बी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पाच-सहा दिवसांत वर येतं आणि आधी पेरलेल्याला गाठतं. भेंडी रात्रभर भिजवून, अर्धा इंच खोल, बारा इंची कुंडीत दोन झाडं. गवार आणि चवळी भिजवायची गरज नाही. कारल्याचं कवच जाड असतं, टोकाकडून नेलकटरनं किंचित चिमटून चोवीस तास भिजवा. काकडी, दोडका, दुधी यांना रोप उपटून लावलेलं सोसत नाही, म्हणून थेट पेरा किंवा कागदी कपात करून कपासकट लावा. काकडीला चौदा इंची कुंडी चालते, दुधीला अठरा इंचांपेक्षा लहान पिशवीत लावून उपयोग नाही. पाच फूट वेल, दोन दुधी आणि मग पिवळी पानं, एवढंच हाती लागतं.

वेलांना आधी नुसती नर फुलं येतात, काळजी करू नका. मादी फुलामागे बारीक फळ असतं, ते ओळखू येतं. उंच गच्चीवर माश्या कमी असतील तर नर फूल तोडून मादीच्या मध्यावर टेकवावं लागतं. इथे वेळ चुकते. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, पण दुधीची आणि दोडक्याची संध्याकाळी. दुधीचं परागीभवन सकाळी नऊला करायला गेलात तर कोमेजलेलं फूल हातात येईल.

किडींचा क्रमही हवेप्रमाणे बदलतो. जानेवारीतल्या ढगाळ हवेत मावा. थंड रात्री आणि कोरडे दिवस असले की पानांवर पांढरी पावडर, म्हणजे भुरी. फेब्रुवारी अखेरपासून फुलकिडे, पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी. माव्याला पाण्याचा जोरदार फवारा आणि त्यानंतर कडुनिंबाचं तेल. लिटरभर पाण्याला ५ मिली तेल आणि १-२ मिली द्रव साबण, पण आधी तेल आणि साबण थोड्या कोमट पाण्यात दुधासारखं पांढरं होईपर्यंत ढवळायचं. नुसतं ओतलं तर तेल वर तरंगतं, शेवटच्या कुंडीवर सगळं एकदम पडतं आणि ती भाजते. फवारा सायंकाळी, पानाच्या खालच्या बाजूनं. भुरीला पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, पण दुपार ३२ अंशांच्या पुढे जायला लागली की नको, कडुनिंबाच्या तेलानंतर दोन आठवडे नको आणि काकडीवर्गीय वेलांवर मुळीच नको, पानं करपतात.

लाल कोळी डोळ्यांना सहज दिसत नाहीत, पानावर फक्त बारीक फिकट ठिपके दिसतात आणि लोक त्याला खताची कमतरता समजतात. पानाखाली पांढरा कागद धरून फांदीला टिचकी मारा. कागदावरचे ठिपके चालू लागले तर कोळी. दर तीन दिवसांनी तीन-चारदा पानं खालून पाण्यानं धुवा. उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते, त्यामुळे एकदाच धुऊन थांबलात तर अंड्यांतून सगळं परत येतं. पिठ्या ढेकणासाठी आधी मुंग्यांचा रस्ता बंद करा, त्याच त्याला झाडाझाडावर नेतात.

आता ऊन. दक्षिणेच्या बाल्कनीत या काळात एक बदल सावकाश होतो आणि बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुण्याच्या अक्षांशावर भर दुपारचा सूर्य डिसेंबरच्या शेवटी क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, २० मार्चला जवळपास साडेएकाहत्तर अंशांवर आणि मेच्या मध्याला थेट डोक्यावर. चार फूट खोल, नऊ फूट उंच बाल्कनीवर कठड्यापर्यंत स्लॅब असेल, तर डिसेंबरात दुपारचं ऊन मागच्या भिंतीवर साडेचार फुटांपर्यंत चढतं. फेब्रुवारीच्या मध्याला भिंतीवर सव्वादोन-अडीच फूट, २० मार्चला ते भिंतीपर्यंत पोचतच नाही, कठड्यापासून तीन फुटांवर थांबतं, आणि एप्रिलच्या विसाव्याला जेमतेम फूटभर. भिंतीशी ठेवलेल्या मोगऱ्याला ऐन कळ्यांच्या वेळी ऊन मिळत नाही ते यामुळे. फुलझाडं फेब्रुवारी अखेर कठड्याकडे आणा किंवा गच्चीवर न्या आणि मागची जागा पुदिना, अळू, पानांच्या शोभेच्या झाडांना द्या. उलट पश्चिमेच्या बाल्कनीत मार्चपासून तीन ते सहाचं ऊन सर्वांत जाचक, तिथे मातीच्या कुंड्या प्लॅस्टिकच्या पुढे ठेवून सावली करा. सावलीतली कुंडी गच्चीवर एकदम नेऊ नका. पहिले चार-पाच दिवस फक्त सकाळचं ऊन द्या, नाहीतर पानांवर पांढरे भाजलेले चट्टे पडतात.

हिरवी जाळी ५० टक्क्यांची पुरे. फेब्रुवारीत बांधली तर नवी फूट लांबट, मऊ होते आणि मोगरा फुलत नाही. दुपार सलग ३६ अंशांच्या आसपास जायला लागली की बांधा, पुण्यात ती वेळ गुढीपाडव्याच्या मागेपुढे येते. झाडांच्या शेंड्यापासून निदान दोन-तीन फूट वर आणि बाजू उघड्या, नाहीतर खाली भट्टी होते. मोगरा, बोगनवेल, चिनी गुलाब जाळीबाहेरच राहू द्या.

जाळीआधी आच्छादन. याच दिवसांत शिरीष, बदाम, पिंपळ, कडुनिंबाची पानगळ सुरू होते, फुकटचा माल रस्त्यावर पडलेला असतो. शिरीषाची बारीक पानं तशीच पसरा, बदामाची चुरगाळून. पूर्ण पसरली तर ताटासारखी बसतात आणि पाणी आत जाऊ देत नाहीत. थर दोन इंचांचा, खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी. उरलेली पोत्यात भरून ठेवा. पावसाळ्यात ओल्या कचऱ्याच्या खतात कोरडा थर घालायला एकही पान मिळत नाही.

तारखा पुण्याच्या धरल्या आहेत. मुंबई, ठाणे, कोकणात रात्री फारशा उतरत नाहीत, तिथे जास्वंदाची छाटणी आणि भेंडीची पेरणी दोन-तीन आठवडे आधी करता येते. नाशिककडे उलट तेवढंच जास्त थांबावं लागतं. विदर्भात थंडी सरली की उन्हाळा एकदम अंगावर येतो, म्हणून आच्छादन फेब्रुवारीच्या मध्यालाच घालून ठेवा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळीचा, गारपिटीचा अंदाज असेल तर नुकत्या उगवलेल्या वेलांच्या कुंड्या भिंतीकडे ओढून घ्या.